नऊ वसाहतींचा एक खड्डा

परवाना कचेरीत तीन मजल्यांवर मिळून साठेक माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही तळघरबाईचं खरं नाव चटकन आठवलं नसतं. पगाराच्या कागदावर ते असायचं, तेवढंच. बारा वर्षं ती तळघरात बसत होती. शहरात कोणाला नवी वसाहत बांधायची असली की त्याची फाइल सुनावणीआधी तिच्या टेबलावर यायची. ती पानं मोजायची, जोडपत्रं सगळी आहेत ना ते बघायची आणि जांभळा शिक्का मारायची: 'पूर्ण'. काही खोट दिसली तर लाल चिठ्ठी लावून फाइल वर पाठवायची. लाल चिठ्ठी लागली की काम तिथल्या तिथे थांबायचं, मग अर्जदार कोणी का असेना. पण ती वेळ वर्षातून एकदोनदाच यायची, कारण पानं सगळ्यांनाच मोजता येतात. त्या पानांवर काय लिहिलंय ते तळघराने वाचावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तिनेही हट्टाने वाचलं नव्हतं. माती, पाणी, ओढे यांवरचं एक अक्षर पुन्हा वाचणार नाही, असं तिने तळघरातल्या पहिल्याच दिवशी रागाने ठरवलं होतं.

हा राग मास्तरांवरचा होता.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. ते जागा-तपासणीचे प्रमुख होते आणि कचेरीतल्या प्रत्येक तपासनिसाला त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं, म्हणून मास्तर. तिलाही त्यांनीच शिकवलं. ओढ्याच्या काठापासून आणि पाणथळ जमिनीपासून तीस मीटर घरं बांधायची नाहीत, असा नियम. आता जमीन पाणथळ आहे की नाही हे वरून बघून कळत नाही, ते खणून बघावं लागतं. दोन हात खड्डा खणायचा. आतली माती राखाडी निघाली आणि तिच्यात गंजाचे ठिपके दिसले, तर वर धूळ उडत असली तरी वर्षातले कितीतरी महिने तिथे पाणी उभं असतं. माती सारखी तपकिरी असली तर जागा कोरडी, खुशाल घरं बांधा. खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढायचा, अहवालाला जोडायचा, झालं काम.

बारा वर्षांपूर्वी तिने जुन्या वीटभट्टीमागच्या जागेत दोन दिवसांत सहा खड्डे खणले. तिचे वडील घरांचे पाये खणायचे. त्यांचंच फावडं तिने मागून नेलं होतं. चार खड्डे राखाडी निघाले, उंचावरचे दोन तपकिरी. फोटो, नकाशा, अहवाल, सगळं तिने मास्तरांच्या हातात दिलं. आणि सुनावणीच्या दिवशी मास्तर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फाइलमध्ये एकही फोटो नाही. मला वाटतं, बाईंनी खड्डे जागेवर खणलेलेच नाहीत. चहा पीत पीत टेबलावर खणलेत."

सगळी खोली हसली. मागच्या रांगेतला एक जण तर खोकेपर्यंत हसला. तिने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटला नाही. पुढच्या आठवड्यात तिची रवानगी तळघरात झाली आणि वीटभट्टीमागे वसाहत उभी राहिली. तिथल्या लोकांच्या भिंती आज कमरेपर्यंत ओल्या असतात, ते कपाटं भिंतीपासून हातभर दूर ठेवतात.

हसले ते हसले. लोक काय, आज हसतात, उद्या विसरतात. पण त्या संध्याकाळी वडिलांनी फावड्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "खणलं होतंस ना गं?"

"म्हणजे काय बाबा?"

"नाही, फावडं परत आलं तेव्हा धुतलेलं होतं. म्हणून विचारलं."

फावडं कधीही मातीचं टांगायचं नाही, धुऊन पुसूनच जागेवर ठेवायचं, हे त्यांनीच तिला लहानपणी दटावून शिकवलं होतं. तिने तसं सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणाले आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तीन वर्षांनी ते गेले. त्या "बरं, बरं"मध्ये विश्वास किती होता आणि पोरीची लाज झाकायची धडपड किती होती, हे तिला कधीच कळलं नाही. मास्तरांचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती या दोन शब्दांमुळे.

मास्तर चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात बिल्डरांचे सल्लागार झाले. ज्या कचेरीत ते अहवाल तपासायचे तिथेच आता स्वतः लिहिलेले अहवाल दाखल करू लागले. फायली खाली येत, तळघरबाई पानं मोजी, शिक्का मारी. त्यांची सही दिसली की ती पान जरा जोरात उलटायची, इतकंच.

तर त्या गुरुवारी सकाळी रोपवाली जिना उतरून खाली आली.

रोपवालीची रोपवाटिका शहराच्या टोकाला होती. नवऱ्यामागे तिने एकटीने चालवलेली. तिच्या कुंपणामागे एक झरा होता, झऱ्याभोवती लव्हाळ्याची दलदल आणि त्या दलदलीतून निघालेला, दोन पावलांत ओलांडता येईल असा ओढा. रोपांना पाणी त्याचंच. आता त्या जागेवर एकशे चाळीस घरं येणार होती. ती वरच्या तीन मजल्यांवर चार टेबलं फिरून आली होती आणि प्रत्येक टेबलाने तिला पुढचं टेबल दाखवलं होतं.

"बाई, माझा झरा त्या फायलीत आहे का, तेवढं बघून सांगा," ती समोरच्या स्टुलावर टेकत म्हणाली. तिच्या बुटांना चिखल होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. पाय ती स्टुलाखाली घेत होती.

फाइल बाहेरच्या माणसासमोर उघडायची नाही असा नियम आहे. पण बाई इतक्या अजिजीने विचारत होती, आणि बारा वर्षांत तळघरात येऊन कोणी स्टुलावर बसलं नव्हतं. तळघरबाईने फाइल ओढली आणि स्वतःची शपथ मोडून अहवाल वाचायला घेतला. झरा नव्हता. ओढा नव्हता. 'जागा सर्वत्र कोरडी असून पाण्याचा अंश आढळला नाही,' असं मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं. मग पान सदतीस आलं. त्यावर खड्ड्याचा फोटो होता. फोटो रंगीतच हवेत असा नियम यंदापासून आला होता. इतकी वर्षं झेरॉक्समध्ये सगळे खड्डे सारखेच काळे दिसायचे.

तपकिरी मातीची भिंत. भिंतीत रुतलेला एका फुटक्या बशीचा तुकडा, त्यावर निळ्या पक्ष्याची शेपटी. आणि फोटोच्या उजव्या कडेला, अर्धवट कापला गेलेला फावड्याचा दांडा. दांडा मध्ये चिरलेला होता आणि चिरेवर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली होती, शेजारी शेजारी सात वेढे.

ते सात वेढे तिच्या वडिलांनी स्वयंपाकघराच्या दारात बसून तिच्या डोळ्यांदेखत घातले होते. ती बशीही तिला आठवली. खणताना फावडं तिच्यावर खाडकन वाजलं होतं आणि पातं गेलं की काय म्हणून तिने ते उचलून बघितलं होतं. वीटभट्टीमागचा पाचवा खड्डा होता तो. ज्या माणसाने तिने खड्डे खणलेच नाहीत असं भर सभेत सांगितलं, तो तिच्याच खड्ड्यावर पोट भरत होता.

आधी तिला बाबा आठवले. मग हसू आलं. इतकं की तिला तोंडावर हात धरावा लागला.

"आहे का झरा?" रोपवालीने आशेने विचारलं.

"नाही. पण काळजी करू नका. सुनावणीला या. बघूच आपण."

रोपवाली गेल्यावर तिने आतून कडी लावली आणि मास्तरांच्या चार वर्षांतल्या सगळ्या फायली काढल्या. आता काय शोधायचं ते माहीत होतं. काळ्या झेरॉक्समध्येही बशीचा तुकडा पांढऱ्या नखासारखा दिसायचा. दुपारपर्यंत तो आणखी आठ फायलींत सापडला. शहराच्या चारी टोकांना आठ वसाहती, ही नववी, आणि प्रत्येकीखाली तीच फुटकी बशी. फोटो कोणी बघत नाही, लोक पानं मोजतात, असं मास्तर स्वतःच नव्या तपासनिसांना हसत हसत सांगायचे. पानं मोजायला त्यांनी कोणाला बसवलं होतं, ते मात्र त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

लाल चिठ्ठ्यांची वही तिच्या डाव्या हाताला होती. एक चिठ्ठी फाडायची, 'पान ३७, फोटो दुसऱ्या जागेचा' असं लिहायचं, फाइल वर. झरा त्याच मिनिटाला वाचला असता.

आणि मास्तर? मास्तरही वाचले असते. सुनावणीआधी अहवालात कितीही वेळा दुरुस्ती करता येते, त्याला दंड नाही. मास्तर वर गेले असते, कपाळावर हात मारला असता, "अरे, माझ्या हाताखालच्या पोराने चुकीचा फोटो डकवला वाटतं," असं म्हणाले असते. कचेरीच्या साहेबांनी चहा मागवला असता. आठवड्याने त्या जागेचाच खरा फोटो आला असता आणि बाकीच्या आठ फायली कोणी उघडल्याही नसत्या. पण सुनावणीत सल्लागाराला शपथ घेऊन सांगावं लागतं की हे खड्डे माझ्या देखत, याच जागेत खणले. एकदा ते तोंडातून गेलं की दुरुस्ती नाही. मग खोटी साक्ष, परवाना रद्द आणि चारचौघांत छीथू.

तिला ती छीथू हवी होती. त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांसमोर हवी होती. सुनावणी सव्वीस दिवसांवर होती. मधल्या दिवसांचा हिशेब तिला ठाऊक नव्हता असं नाही: फाइल 'पूर्ण' ठरली आणि दहा दिवसांत हरकत आली नाही, तर बिल्डरला जागा मोकळी करायची परवानगी आपोआप मिळते. झाडोरा काढायचा, जमीन सपाट करायची, एवढंच, बांधकाम नाही. सपाट करून करून किती करतील, असं तिने मनाला समजावलं. मनही लगेच समजलं. त्याला तेच हवं होतं.

तिने जांभळा शिक्का उचलला आणि मारला.

घरी आईने दार उघडताच ओळखलं. आईचे गुडघे गेले होते, डोळे शाबूत होते. "काय गं, आज तोंडावर तेज आलंय? बढती मिळाली की कोणी मेलं?"

तिने सगळं सांगितलं. तांब्याची तार ऐकल्यावर आईने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "मग उद्या सकाळीच जाऊन सांग ना वरच्यांना."

"उद्या नाही. सुनावणीत सांगणार."

"तोवर त्या बाईचा झरा?"

"राहील गं. पळून जातोय का कुठे?"

"तुला झरा वाचवायचाय की त्या मेल्याचं नाक कापायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही," आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. "मला काय, तू शिकलेली."

पुढचे दहा दिवस तिचे फार सुखात गेले. बारा वर्षांत असे गेले नव्हते. ती जिना उतरताना गुणगुणायची. टेबलावर पानं मोजता मोजता मनातल्या मनात सुनावणी चालवायची: आता मी हे विचारणार, मग मास्तर असं म्हणणार, मग मी दुसरी फाइल उघडणार. कधी त्यात मास्तर रडायचे, कधी हात जोडायचे. हात जोडलेले तिला जास्त आवडायचे. मध्ये एकदा रोपवाली येऊन गेली. "काही कळलं का, बाई?" "थांबा थोडं," तिने सांगितलं आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा तिला दिला. रोपवाली जाताना एका डबड्यात लावलेलं पुदिन्याचं रोप ठेवून गेली.

बाराव्या दिवशी सोमवार होता. रोपवाली धापा टाकत आली, ती या खेपेला बसलीच नाही.

"बाई, मशीन आलंय. लव्हाळं सगळं उपटलं. मी आडवी गेले तर कागद दाखवला मला. तुमच्याच कचेरीचा."

"जागा मोकळी करायची परवानगी आहे ती. बांधकामाची नाही," तळघरबाई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला वरच्या मजल्यावरच्या लोकांसारखा वाटला. "सुनावणीत बघा तुम्ही काय होतं ते. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुमच्याशिवाय आहे कोण मला?" रोपवाली म्हणाली.

त्या वाक्याने मात्र तिची झोप उडाली. पाच दिवस कसेबसे काढून रविवारी ती स्वतः जागेवर गेली. दलदल अर्धीअधिक बुजली होती. रविवार असूनही मशीन चालू होतं आणि बाहेरून आणलेल्या मातीचे ढीग कुंपणापर्यंत आले होते. पण झरा उघडा होता. ओढ्याची वाट मोडली होती, तरी पाणी चाकांच्या चरांतून, वाट काढत, रोपवाटिकेकडेच चाललं होतं. ती उकिडवी बसली आणि तिने त्यात हात घातला. पाणी गार आणि स्वच्छ होतं. तिला लाज वाटली. खरोखरची वाटली, मान खाली जाईल अशी. उद्या सकाळी पहिलं काम हेच, असं तिने ठरवलं. लाल चिठ्ठी लावायची, साहेबांपुढे उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. गेले मास्तर खड्ड्यात.

"कोण, आमच्या बाई का?"

मास्तर मागे उभे होते. डोक्यावर टोपी, हातात गुंडाळलेला नकाशा, पोट आणखी थोडं पुढे आलेलं. ते अगदी प्रेमाने हसले. त्यांच्या मनात तिच्याविषयी काहीही नव्हतं, राग नाही की अपराधाची टोचणी नाही. माणूस चप्पल काढतो तसं ते बारा वर्षांपूर्वीचं प्रकरण त्यांनी बाहेर काढून ठेवलं होतं.

"अजून तळघरातच का?" त्यांनी विचारलं. मग तिच्या ओल्या हाताकडे बघून शेजारच्या बिल्डरच्या माणसाला म्हणाले, "या आमच्या जुन्या विद्यार्थिनी. खड्डे फार सुंदर खणतात. फक्त दिसत नाहीत कोणाला." आणि तिला म्हणाले, "बाई, आलाच आहात तर एखादा फोटो काढून न्या. नाहीतर पुन्हा म्हणाल, खणलं होतं."

बिल्डरचा माणूस हसला.

तळघरबाई उठली, हात साडीला पुसले आणि म्हणाली, "नाही मास्तर. फोटो तुमच्याकडे आहेतच की."

ते "हो, हो" म्हणाले. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ती घरी आली आणि सोमवारी तिने लाल चिठ्ठी लावली नाही. मंगळवारीही नाही. आता उरलेत तरी किती दिवस, ती स्वतःला म्हणत राहिली, आणि दात ओठ खात पानं मोजत राहिली. त्या आठवड्यात रोपवाली चौथ्यांदा आली. झऱ्यावर मशीनने दोन दिवस माती दाबली होती, ओढा सिमेंटच्या नळात घातला होता आणि नळाचं तोंड कोरडं होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, "सुनावणीत परत मिळेल ना?" तळघरबाई म्हणाली, "मास्तरांना सोडणार नाही मी." रोपवालीने मान हलवली. तिला वाटलं, तेच उत्तर आहे.

सुनावणी मंगळवारी होती. खोली तीच, खुर्च्या त्याच, फक्त वर पंखे नवे. अध्यक्षबाई दुसऱ्या शहरातून आलेल्या, बारीक आवाजाच्या आणि शिस्तीच्या होत्या. मास्तरांनी शपथ घेतली. चष्मा पुसला.

"कोणाची हरकत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मागच्या दाराने तळघरबाई आत आली. एका हातात नऊ फायलींचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. कचेरीतले लोक वळून बघू लागले. तळघर वर कसं आलं, असं कोणीतरी कुजबुजलं.

"एकच प्रश्न विचारायचाय," ती म्हणाली. तिचा आवाज या खेपेला फुटला, चांगला खणखणीत फुटला. "पान सदतीसवरचा खड्डा याच जागेत खणला का?"

मास्तरांनी पान उलटलं. "अर्थात. माझ्या देखत. गेल्या महिन्यात."

"शपथेवर?"

"बाई, शपथ आत्ताच घेतली मी."

मग तिने गठ्ठा सोडला. एक फाइल अध्यक्षबाईंसमोर उघडली, फोटोवर बोट ठेवलं. दुसरी उघडली. तिसरी उघडली. घाई केली नाही. प्रत्येक वसाहत कुठल्या टोकाला आहे ते सांगितलं आणि बोट बरोबर बशीवर ठेवलं. पाचव्या फाइलीला अध्यक्षबाई खुर्चीत पुढे सरकल्या. सातव्या फाइलीला मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मास्तर," नववी फाइल उघडून ती म्हणाली, "हा बशीचा तुकडा अख्ख्या शहराखाली पुरलाय कसा? सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी फुटली होती का?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळी खोली. ती हसू ऐकत उभी राहिली, बारा वर्षांची तहान लागल्यासारखी. मास्तरांचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता.

"बाई, आपण जरा बसून बोलू," ते हळू आवाजात म्हणाले.

"बारा वर्षं बसलेच होते."

तिने कापड सोडलं आणि फावडं टेबलावर ठेवलं. दांड्यावरची तार फोटोतल्या तारेशेजारी धरली. सात वेढे, तीच चीर. "हे माझ्या वडिलांचं. हा खड्डा वीटभट्टीमागचा, मी खणलेला. जो मी खणलाच नाही असं यांनी इथेच उभं राहून सांगितलं होतं." तिने फावड्यावर हात ठेवला. "चार खड्डे राखाडी निघाले होते, ते यांनी गायब केले. हा कोरडा तेवढा जपून ठेवला."

मास्तरांनी खरंच हात जोडले. अगदी तिच्या मनातल्यासारखे, छातीपाशी. तिने ते डोळे भरून बघितलं. तिला त्यांची कणभर दया आली नाही, आणि आली नाही याचंही वाईट वाटलं नाही.

अध्यक्षबाईंनी जागेवरच निर्णय दिला. सल्लागाराचा परवाना रद्द, खोट्या साक्षीची कारवाई वेगळी. एकशे चाळीस घरांची परवानगी नामंजूर. बाकीच्या आठ फायली पुन्हा उघडायच्या. आणि वीटभट्टीमागच्या जागेचे सहाही खड्डे बाईंनी प्रत्यक्ष खणले होते, अशी नोंद कचेरीच्या दप्तरात करायची. लेखनिक भराभर लिहीत होता. पहिल्या रांगेत रोपवाली दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नोंदीसाठी एकच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हा फोटो खोटा आहे हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

मनातल्या मनात चालवलेल्या एकाही सुनावणीत हा प्रश्न नव्हता. 'परवा' हा शब्द तिच्या ओठांवर आला.

पण रोपवाली उठून उभी राहिली होती. बाईंना मदत करायची संधी तिला पहिल्यांदाच मिळत होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती.

"मी सांगते ना, मॅडम! मी साक्षीदार आहे. मी समोरच बसले होते. गुरुवार होता तो, या गुरुवारी चार आठवडे होतील. बाईंनी ते पान उघडलं, फोटो बघितला आणि तोंडावर हात धरून हसल्या. मला तेव्हा कळलं नाही कशाला हसतायत. आत्ता कळलं. त्यांनी त्याच दिवशी ओळखलं होतं, इतकं लक्ष आहे बाईंचं! तेव्हा अजून मशीनसुद्धा..."

ती थांबली. हात हवेत तसाच राहिला.

खोलीत पंख्यांचा आवाज होता. मास्तरांनी मान वर करून तळघरबाईकडे बघितलं. रोपवाली मनातल्या मनात दिवस मोजत होती, ते तिच्या हलणाऱ्या ओठांवरून दिसत होतं.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "मी चार वेळा आले होते तुमच्याकडे."

"हो," तळघरबाई म्हणाली.

"तुम्हाला पहिल्याच वेळी ठाऊक होतं?"

"हो."

रोपवाली वाकली. खुर्चीखालची पिशवी उचलली आणि माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती दाराकडे निघाली. अध्यक्षबाईंनी ती बाहेर जाईपर्यंत वाट बघितली. मग लेखनिकाकडे वळल्या.

"तारीख लिहा," त्या म्हणाल्या.